गाळाचे सोनखत होईल का?

कोल्हापुरात जयंती नाल्याच्या पुलावर क्षणभर उभे राहिले, की बहुतेकांचा हात आपोआप नाकाकडे जातो. शहरातल्या मोऱ्या, न्हाण्या, शौचकूप यांचे पाणी या नाल्याला मिळते, आणि नाल्याची वाट जाते पंचगंगेकडे. पंचगंगा पुढे इचलकरंजी, शिरोळ असे गाठत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वरच्या गावाने नदीत सोडलेले पाणी खालच्या गावाने प्यायचे, असा हा व्यवहार आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, तेव्हा या व्यवहाराची किंमत साऱ्या जिल्ह्याला कळली.

आता कसबा बावडा येथे रोज ७ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करू शकेल असे केंद्र आहे. दुधाळी नाल्यावरही एक लहान केंद्र आहे. पाणी शुद्ध होऊन नदीत गेले, की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण विद्यार्थीमित्रांनो, मी पदार्थविज्ञानाचा मास्तर आहे. वर्गात मी द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम शिकवतो. पाण्यातली घाण निघाली, म्हणजे ती नाहीशी झाली असे नव्हे. मग ती गेली कुठे?

ती गेली गाळात. काळपट, चिकट, ओल्या चिखलासारखा हा गाळ सांडपाणी केंद्राच्या तळाशी रोज साचतो. अभियंते त्याला ‘स्लज’ म्हणतात. आपण त्याला मैलागाळ म्हणू. या मैलागाळाचे करायचे काय, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. तो कचऱ्याच्या डोंगरावर टाकायचा, की शेतात घालायचा? आणि शेतात घातला तर जमीन सुधारेल, की बिघडेल?

बाटलीतला शोध

आधी हा गाळ तयार कसा होतो ते पाहू. त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे.

१९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे रसायनशास्त्रज्ञ बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यातून हवेचे बुडबुडे सोडत होते. उजेडाने शेवाळ वाढू नये म्हणून त्यांनी बाटल्यांना कागद गुंडाळला होता. पाणी पुरते शुद्ध व्हायला पहिल्या खेपेस काही आठवडे लागले. तळाशी थोडा गाळ बसला. कोणीही तो फेकून बाटली धुतली असती. यांनी तो तसाच ठेवला, वरचे पाणी काढून टाकले आणि त्याच गाळावर नवे सांडपाणी ओतले. या खेपेस कमी दिवस लागले. पुन्हा तसेच केले, आणखी कमी. शेवटी आठवड्यांचे काम तासांवर आले!

याचे रहस्य गाळातच होते. तो नुसता चिखल नव्हता, ती जीवाणूंची वसाहत होती. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य हे त्यांचे अन्न आणि हवेतला प्राणवायू हा त्यांचा श्वास. दही लावताना आपण विरजण राखून ठेवतो ना? तसेच हे. आज जगभर शहरांचे सांडपाणी याच तत्त्वावर शुद्ध होते, आणि जीवाणू वाढत असल्यामुळे जादा गाळ रोज काढून टाकावा लागतो.

या संशोधनाला चालना देणारे प्राध्यापक गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. या देशात गाळाचे आणि मैल्याचे खत करण्याच्या संशोधनाला त्यांच्यामुळे जोर आला. सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूर येथे कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यावरचे पुस्तक १९३१ साली निघाले. ‘इंदूर पद्धत’ हे नाव शेतकीच्या पुस्तकांत तुम्ही वाचले असेल. बंगळूरला डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ साली शहरातला कचरा आणि मैला खड्ड्यात थरावर थर रचून कुजवण्याची पद्धत दिली.

आपल्याकडे याहून जुना शब्द आहे : सोनखत. माणसाच्या मैल्यापासून केलेल्या खताला सोन्याचे नाव देणाऱ्या शेतकऱ्याला त्याची किंमत ठाऊक होती. पण या सोन्याला एक काळी बाजूही होती. ते डोक्यावरून वाहणारी माणसे ठरावीक जातींची होती, आणि ज्यांच्या कष्टावर शेत पिकायचे त्यांनाच गाव शिवून घेत नव्हते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत आणि स्वच्छ संडास यांचे प्रयोग केले, त्यामागे ही विटंबना थांबवण्याची तळमळ होती. देहूला डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला बायोगॅस जोडून गॅस आणि खत दोन्ही मिळवून दाखवले. म्हणून या लेखात पुढे जे काही सांगणार आहे त्याची पहिली अट ही, की गाळ हाताळायचा तो यंत्राने. माणसाच्या हाताने किंवा डोक्यावरून नव्हे.

गाळात आहे तरी काय?

आता थोडे गणित करू. १००० लिटर सांडपाण्यातून सुमारे २०० ग्रॅम कोरडा गाळ निघतो असे धरू. हा ढोबळ आकडा आहे; केंद्रागणिक तो बदलतो. मग ७ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचे केंद्र भरून चालले, तर रोज सुमारे १५ टन कोरडा गाळ मिळेल.

पण गाळ कोरडा नसतो, हीच तर अडचण! टाकीतून निघतो तेव्हा त्यात ९८ टक्के पाणी असते. म्हणजे १५ टन गाळासाठी ७५० टन वजन उचलावे लागेल. यंत्राने पिळून पाणी ८० टक्क्यांवर आणले, तर तोच गाळ ७५ टन होतो. ९८ वरून ८० टक्के हा फरक ऐकायला थोडा वाटतो, पण वजन एक-दशांश झाले! टक्केवारी किती फसवी असते ते यावरून ध्यानात घ्या.

या कोरड्या गाळात निम्म्याच्या आसपास सेंद्रिय द्रव्य असते. नत्र साधारण ३ ते ६ टक्के, स्फुरद १ ते ३ टक्के. पालाश मात्र अगदी थोडा, कारण पालाशचे क्षार पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. नत्र ४ टक्के धरला, तर १५ टन गाळात ६०० किलो नत्र झाला. युरियात ४६ टक्के नत्र असतो. तेव्हा ६०० किलो नत्र म्हणजे सुमारे १३०० किलो युरिया, म्हणजेच ४५ किलोची २९ पोती. दररोज! अर्थात गाळातला नत्र सेंद्रिय रूपात बांधलेला असतो. पहिल्या वर्षी त्याचा पाव हिस्साच पिकाला मिळतो, उरलेला सावकाश. स्फुरदाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. तो ज्या खडकापासून काढतात त्या खडकाचा मोठा भाग आपला देश परदेशातून आणतो. तो शेतातून धान्यात, धान्यातून ताटात आणि ताटातून गटारात जातो. तो परत शेतात गेला, तरच चक्र पुरे होते.

पण नुसत्या नत्र-स्फुरदासाठी गाळ हवा असे नाही. जमिनीला खरी भूक आहे ती सेंद्रिय द्रव्याची. आपल्या उष्ण हवेत जमिनीतला ह्यूमस लवकर जळून जातो. त्यात उसाचे पाचट शेतातच पेटवून देण्याची खोड! मातीचे कण ह्यूमसने एकमेकांना चिकटतात, त्यांत पोकळी राहते, पाणी मुरते, मुळांना हवा मिळते. ह्यूमस संपला, की माती पावसात वाहते आणि उन्हात दगड होते. राधानगरी-शाहूवाडीकडे बॉक्साइटच्या खाणींनी उघडे पडलेले माळ पाहा, किंवा विटांसाठी वरची माती काढून नेलेली शेते पाहा. तिथे पेरण्याआधी मातीच नव्याने घडवावी लागते. अशा जागी चांगला, तपासलेला गाळ हे मोलाचे साधन ठरू शकते. तिथे तूर्त खायचे पीक न घेता झाडे आणि गवत वाढवायचे असेल, तर धोकाही कमी.

पहिला शत्रू : रोगजंतू

धोका म्हणजे कोणता? शत्रू दोन प्रकारचे आहेत. पहिला जिवंत आहे.

शहरातला जो माणूस आजारी पडतो, त्याच्या पोटातले जंतू शेवटी गाळात येतात. विषमज्वराचे आणि पटकीचे जीवाणू, काविळीचे विषाणू, आणि सर्वांत चिवट म्हणजे पोटातल्या गोल जंतांची अंडी. जाड कवचाची ही अंडी मातीत महिनोन्महिने तग धरतात. कच्चा गाळ शेतात टाकला आणि तिथला मुळा किंवा कोथिंबीर नीट न धुता खाल्ली, की चक्र पुरे झालेच!

यावर पहिला उपाय उष्णता. गाळात लाकडाचा भुसा, उसाचे पाचट असे कोरडे द्रव्य मिसळून ढीग केला, की जीवाणू कामाला लागतात आणि ढीग आपोआप तापतो. किती तापमान किती वेळ हवे? अमेरिकेच्या १९९३ सालच्या नियमांत याचे एक सुरेख सूत्र आहे. त्यातून निघणारे आकडे पाहा : ५० अंश सेल्सिअसला सुमारे १३ दिवस, ५५ अंशांना सुमारे २.६ दिवस, ६० अंशांना साडेबारा तास, ७० अंशांना अवघा अर्धा तास. यात एक नियम लपला आहे. तो शोधा पाहू!

होय, तापमान ५ अंशांनी वाढले, की लागणारा वेळ एक-पंचमांश होतो. तापमान बेरजेने वाढते आणि वेळ भागाकाराने घटतो.

मात्र ढिगाच्या पोटात ६० अंश असले तरी कडेला ३५ असू शकतात. तिथले जंतू सुरक्षित राहतात. म्हणून उघड्यावरच्या लांब ढिगांसाठी नियम कडक आहे : ५५ अंश किंवा अधिक तापमान १५ दिवस, आणि त्या काळात निदान ५ वेळा ढीग उलटापालटा करायचा, म्हणजे कडेचा माल पोटात जाईल. ढीग मोठा का हवा, हेही पदार्थविज्ञानच सांगते. उष्णता तयार होते घनफळात आणि निसटते पृष्ठभागातून. १ मीटर बाजूच्या घनाचे घनफळ १ घनमीटर आणि पृष्ठभाग ६ चौरस मीटर. बाजू अर्धा मीटर केली, तर दर घनमीटरमागे पृष्ठभाग १२ चौरस मीटर होतो. लहान ढीग लवकर थंड होतो तो यामुळे.

दुसरा उपाय आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे आणला : गॅमा किरण. १९९०च्या दशकात बडोद्याला या पद्धतीने गाळ निर्जंतुक करणारे केंद्र चालू झाले, आणि २०१९ साली अहमदाबादला रोज १०० टन कोरड्या गाळाचे केंद्र उभे राहिले. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी मूलद्रव्यातून १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे किरण निघतात आणि ते गाळातून आरपार जातात.

इथे एक मौज आहे. कोरड्या गाळाला सुमारे १० किलोग्रे मात्रा देतात, म्हणजे दर किलोला १० किलोज्यूल ऊर्जा. १ किलो पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. तेव्हा एवढ्या ऊर्जेने १ किलो पाणी अडीच अंशही तापणार नाही! तरी जंतू मरतात, ते कसे? उष्णता सगळ्या रेणूंत सारखी वाटली जाते. किरणांची ऊर्जा ठिकठिकाणी एकवटून पडते आणि जंतूच्या पेशीतला डीएनएचा धागा तोडते. कोयंडा तोडला, की सारा वाडा पाडावा लागत नाही, तसे हे. आणि या किरणांनी गाळ स्वतः किरणोत्सारी होतो का? नाही. अणुकेंद्र ढवळून काढण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. डॉक्टरांच्या सुया आणि मलमपट्ट्याही याच किरणांनी निर्जंतुक करतात.

दुसरा शत्रू : जो मरत नाही

दुसरा शत्रू जिवंत नाही, म्हणून तो मारता येत नाही. कॅडमियम, शिसे, पारा, क्रोमियम, निकेल या जड धातूंना तुम्ही ७० अंश तापवा, गॅमा किरण द्या, वर्षभर कुजवा. त्यांचा एक अणूही कमी होणार नाही. उलट सेंद्रिय द्रव्य कुजून वजन घटते, तेव्हा त्यांचे प्रमाण वाढतेच!

कॅडमियम काय करते ते जपानने पाहिले आहे. तोयामा प्रांतात जिंझू नदीत खाणीचे पाणी जाई, ते पाणी भातशेतीला मिळे. तिथल्या लोकांची, विशेषतः प्रौढ बायकांची हाडे ठिसूळ झाली. दुखण्याने त्या ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणत, तेच त्या रोगाचे नाव पडले. १९६८ साली जपानच्या सरकारने त्याचे मूळ कॅडमियममध्ये आहे असे मान्य केले.

आपल्या देशात खत नियंत्रण आदेशाने शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी मर्यादा घातल्या आहेत. एका किलो कोरड्या खतात कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको. शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबे ३००, जस्त १००० आणि पारा अवघा ०.१५ मिलिग्रॅम. गाळालाही हीच फूटपट्टी लावणे शहाणपणाचे. या मर्यादेचा अर्थ समजून घेऊ. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २००० टन माती असते. दरवर्षी ५ टन कोरडा गाळ घातला आणि त्यात किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम असले, तर वर्षाला २५ ग्रॅम कॅडमियम जमिनीत गेले. मातीत त्याचे प्रमाण किलोमागे ०.०१२५ मिलिग्रॅमने वाढले. नगण्य वाटते ना? पण ४० वर्षांत ते ०.५ होते. स्वच्छ मातीत मुळात असणाऱ्या कॅडमियमइतके किंवा त्याहून अधिक! अमेरिकेचा नियम चांगल्या प्रतीच्या गाळात ३९ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालवून घेतो. तसा गाळ घातला, तर ४० वर्षांत भर पडेल ३.९ मिलिग्रॅमची. वडिलांनी घातलेल्या खताचा हिशेब मुलाला चुकवावा लागतो तो असा.

शिवाय माती-मातीत फरक आहे. शिरोळ, हातकणंगलेकडची काळी माती अल्कधर्मी. तिच्यात बहुतेक धातू घट्ट बांधले जातात. गगनबावडा, राधानगरीकडची तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी. तिच्यात तेच धातू सुटे होऊन मुळांत शिरतात. काळ्या मातीतही सारे आलबेल नाही. शिरोळ तालुक्यात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आहेत, आणि गाळातही क्षार असतात. अशा शेतात आधी पाण्याचा निचरा व्हायला हवा. निचऱ्याशिवाय गाळ घालणे म्हणजे खारट आमटीत आणखी मीठ टाकणे.

मग हे धातू गाळात येतातच कोठून? घरातल्या सांडपाण्यातून थोडे येतात. पण एखाद्या कारखान्याने मुलामा देण्याच्या टाकीतले पाणी किंवा क्रोमने कातडी कमावण्याचे पाणी गटारात सोडले, तर साऱ्या शहराचा गाळ बाद होतो. आपला जिल्हा ओतकामाचा, यंत्रांचा, हुपरीच्या चांदीचा, इचलकरंजीच्या कापडाचा आणि कातडी कामाचा. म्हणून हे इथे विशेष ध्यानात ठेवायला हवे. गंमत पाहा, अस्सल कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. तिथे क्रोमियमचा प्रश्नच येत नाही. सारांश, धातूंवरचा उपाय गाळाच्या केंद्रात नाही, कारखान्याच्या मोरीपाशी आहे.

अलीकडे एक तिसरा शत्रू पुढे आला आहे. न चिकटणारी भांडी, न भिजणारे कापड यांसाठी वापरलेली फ्लोरीनयुक्त रसायने निसर्गात जवळपास कुजतच नाहीत. अमेरिकेत मिलवॉकी शहर १९२६ पासून वाळवलेला गाळ खत म्हणून विकत आले आहे. पण त्याच अमेरिकेतील मेन राज्याने या रसायनांमुळे शेते नासली म्हणून २०२२ साली शेतात गाळ घालण्यावर बंदी घातली. स्वित्झर्लंडने तर त्याआधीच शेतीतला गाळ बंद केला होता. तेव्हा ‘परदेशात करतात’ किंवा ‘परदेशात बंद केले’ यांतले एकच वाक्य ऐकून मत बनवू नका. विचारायचे ते हे, की कोणता गाळ, कोणत्या जमिनीत, किती आणि किती वर्षे?

मग करायचे काय?

उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. पण वाट दिसते. कारखान्यांचे पाणी घरगुती गटारात येऊ देऊ नये. गाळाचा प्रत्येक घाणा प्रयोगशाळेत तपासावा आणि आकडे शेतकऱ्याला दाखवावेत. उष्णतेने किंवा किरणांनी तो निर्जंतुक करावा. मातीची परीक्षा करून, मोजून घालावा. दरवर्षी त्याच शेतात नव्हे. आधी उघडे माळ, खाणींच्या जागा, रस्त्याकडेची झाडे. मग कापूस किंवा ऊस यांसारखी पिके. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना तो देऊच नये. अमेरिकेत पुरता निर्जंतुक न केलेला गाळ घातला, तर मातीला टेकणाऱ्या भाज्यांसाठी १४ महिने आणि कंदमुळांसाठी ३८ महिन्यांपर्यंत थांबावे लागते, ते उगाच नाही. आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. नदीकाठच्या पूररेषेत गाळाचे ढीग ठेवले, तर पंचगंगेतून काढलेली घाण एका रात्रीत पंचगंगेतच परत जाईल.

तुम्हाला शाळेत एक प्रयोग करता येईल. मैलागाळाला मात्र हात लावायचा नाही. तो प्रयोगशाळेतल्या लोकांचा विषय. शेण, पालापाचोळा आणि उसाचे पाचट मिसळून मीटरभर उंचीचा एक ढीग आणि गुडघाभर उंचीचा दुसरा ढीग करा. ओल सारखी ठेवा. काठीने भोक पाडून दोरीला बांधलेली तापमापी रोज एकाच वेळी पोटात आणि कडेला सोडा. चार आकड्यांचा आलेख पंधरा दिवस काढा. मोठा ढीग कितीपर्यंत तापला? उलटल्यावर काय झाले? ५५ अंशांच्या वर किती दिवस राहिला? शिक्षकांनी हे आलेख वर्गात लावून मुलांना एकच प्रश्न विचारावा : या ढिगावर तुम्ही विश्वास ठेवाल का, आणि कोणत्या आकड्याच्या आधारे?

आपल्या पूर्वजांनी मैल्याला सोने म्हटले. पण सोने तरी कोणी डोळे मिटून घेतो का? सराफाच्या दुकानात ते आधी कसोटीवर घासतात. गुजरीत गेलात तर पाहा. गाळालाही तीच कसोटी लावली पाहिजे. जो कसाला उतरेल तो शेतात जावो. जो उतरणार नाही त्याचा उगम शोधत आपण नाल्याच्या काठाने उलटे चालत जाऊ या. त्या वाटेवर कुठेतरी एका मोरीपाशी खरा उपाय सापडेल.